कूलर बंद

पाचही राऊंड मे महिन्यातच आले.

पहिल्याचं घरात कुणाला सांगितलं नव्हतं.
कूलर घरघरत होता, आणि पलीकडच्या माणसानं
तीनदा विचारलं, तुमच्याकडे पाऊस पडतोय का?
मी हो म्हणाले.
तांडापेठेत, दुपारी दोनला, छेचाळीस अंशांत.

दुसऱ्यापासून सगळ्या घराला ड्युट्या लागल्या.
आईनं कूलर बंद करायचा
आणि ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसायचं,
कॅमेऱ्यात न येणाऱ्या कोपऱ्यात.
मोक्षदानं हॉटस्पॉट धरून
न्हाणीघराच्या दारात उभं राहायचं,
तिथंच काय त्या दोन दांड्या येतात.
बाबा वीज मंडळात लाईनमन होते, एकतीस वर्षं.
रिटायर झाल्यावर पहिल्यांदाच त्यांनी सबस्टेशनला फोन लावला:
"बोकडे, तीन ते चार आपला फिडर सांभाळजो बापा,
पोरीचा पेपर हाय."
पेपर नाही हो बाबा, इंटरव्ह्यू.
"त्याले पेपर लवकर समजते."

तिसऱ्यातल्या बाईंनी
एका झाडाच्या डाव्या फांद्या उजवीकडे करायला सांगितल्या.
केल्या.
मग म्हणाल्या, याहून कमी जागेत होईल का?
मी बसले होते त्या खोलीत
आम्ही चौघं, एक शिलाई मशीन, दोन सिलिंडर
आणि मोक्षदाच्या एमपीएससीच्या पुस्तकांचा ढीग.
मी म्हणाले, होईल.

चौथ्यात दोन थ्रेड एकमेकांसाठी अडून बसले.
हा म्हणतो तू सोड, तो म्हणतो आधी तू.
आमच्याकडे आजोबांपर्यंत सगळे मागावर बसलेले.
गुंता झाला की ते आधी हात थांबवायचे,
टोक सापडेपर्यंत काहीच ओढायचे नाहीत.
हे मी इंग्रजीत सांगितलं, जमेल तसं.
तो म्हणाला, इंटरेस्टिंग.
इंटरेस्टिंग म्हणजे पास की नापास
हे बाबा मला दोन दिवस विचारत होते.

पाचवा साहेब मोठा होता.
त्यानं कोड नाही विचारला.
तुमची एखादी चूक सांगा, म्हणाला.
उत्तर पाठ होतं माझं:
मी कामात फार चिकट आहे, वगैरे,
स्वतःची चूक सांगताना स्वतःचीच आरती.
खिडकीतून गल्ली दिसत होती.
बाबा भर उन्हात कुल्फीच्या गाडीपाशी उभे,
एका हातात घंटा घट्ट धरलेली, वाजू नये म्हणून,
दुसऱ्या हातानं पाकीट उघडायची खटपट.
आईच्या कपाळावरून टॉवेल घसरला होता. तिला डुलकी लागली असावी.

पहिल्या राऊंडला मी खोटं बोलले, मी म्हणाले.
पाऊस नव्हता.
कूलर होता.

तो हसला की आवाज तुटला, कळलं नाही.
बराच वेळ पडद्यावर त्याचं तोंड अर्धवट उघडं राहिलं.
परत आला तेव्हा म्हणाला, तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय?
वहीत सात प्रश्न लिहून ठेवले होते,
टीमची वाढ, कामाची दिशा, असले.
मी विचारलं, तुमच्याकडे ऊन किती आहे?
त्यानं वळून मागं पाहिलं, एक काच, तिच्यामागं आणखी एक काच,
आणि म्हणाला, आत बसून कळत नाही खरं तर.

मी लॅपटॉप मिटला.
मोक्षदानं हात झटकले, तिच्या बोटांना मुंग्या आलेल्या.
आईनं बटण दाबलं.
टाकीतलं पाणी केव्हाच आटलं होतं,
आधी नुसतीच गरम हवा आली,
मग बादलीभर ओतल्यावर थोडा वाळ्याचा वास.
बाबा आत आले, शर्ट पाठीला चिकटलेला,
हातात सात कुल्फ्या.
तेवढ्या घेतल्या तरच घंटा बंद, अशी बोली झाली होती.

सात कुल्फ्या चौघांत कशा वाटायच्या,
हे कुणी कुणाला विचारलं नाही.
"मेल येईन तेव्हा येईन," बाबा म्हणाले,
"हे पघळून राह्यलं, हे पहा आधी."